परीक्षेला दाढीवाला माणूस पाहिजे

माझं माहेर फलटणच्या अलीकडचं, एसटी स्टँडला लागून बापाचं दुकान व्हतं, एक खुर्ची, एक आरसा आन् बाहेर बसायला बाकडं. आमी न्हावी. तसंच लिवा ताई, नाभिक-बिभिक मागनं लिवा, आमच्या घरात आता हा शब्द कुणाच्या तोंडातनं निघत न्हाई म्हणून मी मुद्दाम म्हणते. बापानं धंदा शिकवला भावाला, त्येचं लक्ष कधीच न्हवतं, आता मोबाईल विकतो. मी साबणाचा फेस करून द्यायची, वस्तरा पट्ट्यावर घासून द्यायची आन् दाराआड उभी राहून बघायची. गिऱ्हाइकाला हात मात्र लावायचा न्हाई. बाप म्हणायचा, तुझं लगीन व्हायचंय अजून. झालं लगीन.

हे इंजिनियर. आमच्यातलेच, ह्यांच्या वडलांचंबी दुकान व्हतं, पर कॉलेजात असतानाच ह्यांनी आडनाव बदलून गावाच्या नावावरनं करून घेतलं. पुण्यात नोकरी, मग हितं सिंगापूरला, चांगी बिझनेस पार्कात बँकेचं ऑफिस, पीआर झालं, म्हंजी हितं कायम ऱ्हायची परवानगी, सेंगकांगला फ्लॅट घेतला. खोटं कशाला बोलू, ह्यांनी काय कमी केलं न्हाई. पर हे ऑफिसला आन् पोरगी शाळेला गेली की मी पुसलेली फरशी परत पुसत बसायची. पोरगीच एक दिवस म्हणाली, मम्मी, बार्बरचा कोर्स हाय, तू कर ना लाह. हितली पोरं बोलताना शेवटी असं लाह लावतात. ह्यांनी ऐकलं, म्हणाले कर, वेळ जाईल तुझा. वेळ जाईल, एवढंच.

काय सांगू तुमाला त्या कोर्साचं. आधी नुसतं रबराचं मुंडकं, त्येचेच केस कापायचे, मग मशीन, मग वस्तरा, आन् वस्तरा शिकायचा फुग्यावर, फुग्याला फेस लावायचा आन् तो न फोडता काढायचा. बाकीच्यांचे फुगे फटाफट फुटायचे. माझा फुटला न्हाई. मास्तरीण चिनी, तरणी पोरगी, मनगटापासनं कोपरापर्यंत गोंदलेलं. तिनं विचारलं कुठं शिकलीस, म्हणलं, दाराआड. पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं व्हतं लायसन कधी मिळणार, तर हसली, म्हणाली हितं बार्बरला लायसन लागत न्हाई, दुकानाचं काय असंल ते दुकानाचा मालक बघंल, तुला फक्त आमची परीक्षा. म्हंजी सरकारची काय हरकत न्हवती बरं का, सरकार बिचारं गप व्हतं. हरकत निघाली घरातनं.

माझ्याबरोबर शिकायला कोवळी पोरं व्हती, चिनी, मलय. त्येंचे आईबाप आले, कातडी एप्रन घातलेल्या पोरांचे फोटो काढून घेऊन गेले, किती कौतुक. आमच्यात हे काम केलं की आडनाव बदलावं लागतं.

तर परीक्षेचा नियम असा की दाढीला माणूस आपला आपण आणायचा, दाढी वाढलेला पाहिजे. आन् परीक्षा आली श्रावणात. आता हितल्या आपल्या मराठी माणसांना ऑफिसात कुणी विचारत न्हाई तरी श्रावण म्हणलं की दाढ्या वाढवतात. लिफ्टमध्ये बघावं तिकडं दाढी, शेतात पीक उभं ऱ्हावं तशी, आन् कापायला कुणी देईना. वहिनी, महिना संपला की सांगा. महिना संपल्यावर मी काय करू, परीक्षा संपलेली.

माझं म्हणणं, दुसऱ्याच्या दारी जायचंच कशाला, हे हायेत की घरात. ह्यांचीबी दाढी वाढलेली. ह्यांनी जन्मात कधी श्रावण पाळला न्हाई, अंडं सुटलं न्हाई, त्याच वर्षी पाळला. मी म्हणलं, तासाभराचं काम हाय, बसा. तर म्हणाले, श्रावण आहे. म्हणलं, काल ऑम्लेट खाल्लं तवा श्रावण कुठं गेला व्हता. मग निघालं खरं ते. म्हणाले, माझ्या बापानं आख्ख्या गावाच्या दाढ्या केल्या, त्यातनं बाहेर पडायला मी काय काय सोसलं तुला माहीत नाही, आणि तू मला परत त्या दुकानात नेतेस. म्हणलं, अवो, तुमचा बाप उभा असायचा, मी तुमाला खुर्चीत बसवतेय. तर उठून आत गेले. दाराला आतनं कडी लावली. ताई, मला ते फार लागलं. नवऱ्यानं आपल्यापुढं बसू नये, आन् का, तर माझ्या हाताला वास येतो आमच्या बापांचा.

शेवटी आमच्याच मजल्यावरचे देशपांडे भाऊजी आले. बँकेत हायेत, मोकळा माणूस. म्हणाले, मी श्रावण मानत नाही, चला. परीक्षेत त्येंच्या तोंडावर गरम टॉवेल ठेवला, फेस केला, वस्तरा फिरवला, एक थेंब रक्त न्हाई. मास्तरीण मान डोलवत व्हती. भाऊजी म्हणाले, वहिनी, हा हात एका कोर्सातला नाही. मी म्हणलं, माझ्या वडलांचं दुकान व्हतं. विचारलं, म्हणून सांगितलं. आन् सांगताना मला बरं वाटलं, खरं सांगते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पास झाले मी.

पुढं गणपतीत सगळी मराठी मंडळी जमलेली, जेवायची रांग लागलेली. भाऊजींनी मोठ्यानं सांगितलं, यांच्या हातून दाढी करून बघा, घरचीच विद्या आहे त्यांची, वडिलांचं दुकान होतं. कौतुकानंच सांगितलं, त्येंना मी दोष देत न्हाई. पर रांगेतल्या माना माझ्याकडं वळल्या. एक बाई, माझ्याकडनं दिवाळीला चकल्या करून नेणारी, मला वरनं खालपर्यंत बघून म्हणाली, अय्या, तुमच्याकडं बघून वाटत नाही हो. काय वाटत न्हाई? काय वाटायला पाहिजे व्हतं? हे मागं उभे व्हते. ह्यांनी भरलेलं ताट टेबलावर ठेवलं, बूट घातले आन् निघून गेले.

मी घरी आले तर हे म्हणाले, काम करायचं असेल तर कर, पण सेंगकांगात नाही, आणि मंडळात कुणाला पत्ता द्यायचा नाही. म्हणून मी लांब वुडलँड्सला एका दुकानात जाते. मलय मालक हाय, मला काक म्हणतो, म्हंजी त्येंच्यात ताई. पुलापलीकडं मलेशियातल्या जोहोरवरनं येणारी माणसं माझ्यासाठी थांबतात. हे लोकांना सांगतात, मिसेस वेलनेसमध्ये आहे. मी विचारलं, वेलनेस म्हंजी काय वो, तर पेपर तोंडापुढं धरला.

आता भांडण न्हाई. भांडायला तरी बोलावं लागतं. हे केस मॉलमधल्या मशीनवाल्याकडनं कापून घेतात, झटपट, रांगेत उभं राहून. ह्यांच्या मानेवर डाव्या अंगाला एक भोवरा हाय, तिथं मशीन उलटं फिरवावं लागतं, ते त्या पोराला कळत न्हाई, केस उभेच राहतात. तसेच ऑफिसला जातात. रोज सकाळी दारात पाठमोरे दिसतात, माझी बोटं वळवळतात, पर मी हात लावत न्हाई आन् हे मागं बघत न्हाईत. असू दे. माझ्या हाताला काम हाय, पोरगी शाळेत माझं खरं सांगते, मला तेवढं पुरं. आन् ह्यांचंबी देव भलं करो, ताई. एखादा चांगला न्हावी मिळो त्येंना.