हिरवा दिवा केव्हाचा लागलाय

चार्जिंगच्या दोन्ही जागा अडलेल्या होत्या. मागच्या गाडीत शिक्षिकाबाई काच थोडी खाली करून, घड्याळ बघत ताटकळल्या होत्या. समोरच्या बाकावर दोन आजोबा बसले होते, एकाची गाडी जुनाट, दुसऱ्याची नवी कोरी.

“अजून हीच चालवता?” नव्या गाडीवाल्यांनी विचारलं.

“हीच. घेतली तेव्हा लोक विचारायचे, यात सेल कुठे घालता?”

“माझीही पहिली हीच होती. हीटर लावला की घर गाठायची नाही.”

“मग थंडीत?”

“आमच्या हिच्या मांडीवर गरम पाण्याची पिशवी!”

“आणि आता?”

“आता सीटच गरम होते. तरी पिशवी घेऊनच बसते. म्हणते, तुमचा आणि गाडीचा भरवसा नाही.”

“पण तुमची भरते तरी पटकन. आमची बघा, रडतखडत निम्म्यावर आलीय.”

“पटकन भरून करायचंय काय? कुणाशी दोन शब्द बोलावेत, तर हिचं पोट भरलेलं.”

बाईंचा हात हॉर्नवर गेला.

“अहो, तुमचा हिरवा दिवा लागलाय. केव्हाचा!” जुन्या गाडीवाले म्हणाले.

“दिसतोय मला.”

“मग वायर काढा की.”

“काढतो हो. तुमची भरू दे.”

बाईंनी हॉर्नवरचा हात काढला आणि काच पूर्ण खाली केली.