डोळ्यात पडेल तो थेंब!

...अहो, नुसता एक थेंब टाकायचा होता, एक! पण डोळा माझा असून माझं ऐकेल तर शपथ! तुम्हाला सांगतो, मी खिडक्यांचे ग्रिल बनवणारा माणूस, दिवसभर ठिणग्यांत उभा, आणि परवा ग्राइंडर मारताना लोखंडाचा कण उडाला तो थेट बुबुळावर! डॉक्टरीणबाई विचारतात, "काका, चष्मा नव्हता लावला?" लावला होता की! ...कपाळावर. आमची ही शेजारीच उभी, माझी बाही गच्च धरून. म्हणजे बघा, केवढी घाबरली असेल!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कण काढला नाही तर डाग पडेल, नजर जाईल. आधी बधीर करायचा थेंब टाकते." म्हटलं, टाका, बिनधास्त टाका! आणि थेंब दिसला रे दिसला की पापणी गपकन बंद! एक गेला गालावर, दुसरा मिशीत. "काका, तोंड नाही, डोळा उघडा!" पण डोळा माझा असून माझं ऐकेल तर शपथ! मग मात्र मी हट्टालाच पेटलो. नजर गेली तर सरळ रेघ कशी मारणार, खाणार काय? खुर्ची गच्च धरली, दात आवळले, म्हटलं आज तू तरी नाहीतर मी तरी... आणि पडला! क्षणभर असला झोंबला, आणि मग दुखणं एकदम गायब! मी उठलो, नमस्कार केला, निघालो.

"अहो काका, कण अजून आतच आहे!"

बसलो परत. कण काढायची सुई येताना दिसली, पण लागली म्हणाल तर अजिबात नाही! कण निघाला. म्हटलं, बाई, ती थेंबांची बाटली घरी न्यायला द्या ना! "मुळीच नाही! सारखा टाकला तर जखम भरत नाही, डोळाच जाईल. आणि अर्धा तास चोळायचा नाही, खरचटलं तरी कळणार नाही तुम्हाला."

झालं! हिने माझी दोन्ही मनगटं धरली ती जिन्यात धरली, रस्त्यात धरली, बसमध्येही धरली! नाक खाजलं, तेही हिनेच खाजवलं! कंडक्टर तिकीट द्यायचा सोडून बघतोय... "अगं, सोड!" "नाही!"

उतरायच्या बेताला डोळा चुरचुरायला लागला. म्हटलं, "दुखतंय गं आता."

"खरंच दुखतंय? म्हणजे बधिरपणा गेला!" हिने हात सोडले आणि भर बसमध्ये ढसाढसा रडायला लागली हो! "डोळा गेला असता म्हणजे?" मलाही भरून आलं. रुमाल काढून डोळ्याला लावणार, तोच "चोळू नका म्हटलं ना!" आणि मनगटं पुन्हा गच्च!

आता बोला. माणसाला धड रडायचीही सोय नाही.