केळशीतल्या कुत्र्यांचा नकाशा

आमच्या कुत्र्यांच्या नकाशाचं काय झालं, सांगितलं नाही ना तुम्हाला? केळशीत आम्ही हौशी मंडळी मोबाइलवर नोंदी करत होतो. भटकं कुत्रं दिसलं की नकाशावर तिथे ठिपका. पुढारी आमचे अण्णा, माळ घालून मासे सोडलेले. नकाशा झाला, अण्णांच्या ओटीवर बसून पाहिला, तर ठिपके सगळे एकाच वाटेने गेलेले. अण्णा म्हणाले, "कुत्र्यांना रस्ता कोणी आखून दिला?"

तेवढ्यात मासळीवाली पारूमावशी समोरून चालली होती, मागे कुत्र्यांची रांग. तिला नकाशा दाखवला. ती म्हणाली, "ही तर माझी फेरी हाय. जिथं पाटी उतरवते, तिथंच ठिपका."

चहा घेऊन आलेल्या वहिनी, म्हणजे अण्णांच्या मंडळी, नकाशावर वाकल्या.

"अहो, मग आपल्या मागच्या दारी एवढे ठिपके कसले?"