सवतीची ओटी

सन्माननीय अध्यक्ष श्री. नरसिंगराव, व्यासपीठावर विराजमान प्रमुख पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आमचे लिंबाजी मिस्त्री, कार्यालयातले सर्व सहकारी, आणि शिरड शहापूर, औंढ्याहून मुद्दाम आलेल्या बंधू-भगिनींनो,

माझ्या आधीच्या वक्त्यांनी लिंबाजींच्या नोकरीबद्दल इतकं चांगलं सांगितलं, की माझ्या वाट्याला फक्त त्यांची गाडी उरली आहे. तेव्हा गाडीवरच बोलतो.

ती गाडी आपण सर्वांनी पाहिली आहे. बहात्तरच्या दुष्काळात आपल्या कार्यालयानं लष्करातून बाद झालेला तो डिझेल ट्रक लिलावात घेतला आणि त्याच्या पाठीवर पाण्याची टाकी बसवली. चालक लिंबाजी, मिस्त्रीही लिंबाजी, आणि पाणीवाटपाचा कारकून म्हणून शेजारी मी. गाडी औंढ्याच्या चढाला लागली की तिच्या आवाजावर शिरडच्या बायका हंडे उचलायच्या, असं आम्ही गमतीनं म्हणत असू. फार अतिशयोक्ती नव्हती त्यात.

या गाडीची एक खोड होती. इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप डिझेलच्या टाकीच्या आत बसवलेला, आणि तो विजेवर चालणारा. म्हणजे गाडी थांबली की आधी ठरवायचं, दुखणं विजेचं आहे की डिझेलचं. कधी बॅटरीची तार सैल, कधी फिल्टर भरलेला. लिंबाजी मला म्हणायचे, "कारकूनसायेब, म्हाताऱ्या माणसाला कुठं दुखतंय इचारलं तर ते बराबर सांगत न्हाई. हिचं तसंच हाय." मग बल्बला दोन तारा जोडून ते वीज तपासायचे आणि टाकीला कान लावून पंपाची घरघर ऐकायचे.

घरापेक्षा गाडीपाशी जास्त वेळ जायचा. म्हणून त्यांच्या पत्नी, जनकाबाई, गाडीला सवत म्हणायच्या. शिरडला त्यांच्या दारासमोरच गाडी मुक्कामाला असायची. "अवो, आज सवतीला तेलपाणी झालं आसंल तर आमच्या भाकरीकडं बघा," असं त्या मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायच्या. लिंबाजी म्हणायचे, "ती मागून आलेली हाय, तिचा मान राहू दे." हसत हसत ते जेवायला बसायचे.

गावोगावी गाडीची पूजा व्हायची, हे आपल्याला आठवत असेल. का होणार नाही? विहिरीला पाणी लागलं की आपल्या बायका विहिरीची ओटी भरतात. त्या वर्षी विहिरी आटल्या होत्या; पाणी घेऊन येत होती ती ही गाडी. बॉनेटवर हळदकुंकवाचे थर बसले होते.

अध्यक्षमहाराज, एवढं हसून झालं. आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

उन्हाळ्यात शिरडला जुलाब-उलट्यांची साथ आली. एका सकाळी जनकाबाई उठेनात. सलाईन लावायचं तर हिंगोली गाठायला हवी होती. एस.टी. निघून गेलेली. लिंबाजींनी पाणी उतरवून गाडी रिकामी केली, जनकाबाईंना आमच्या दोघांच्या मध्ये बसवलं आणि निघालो.

गाव मागे पडलं आणि गाडी थांबली. लिंबाजींनी बल्ब लावला, वीज होती. टाकीला कान लावला, पंप चालू होता. मग फिल्टर उघडून धुतला, स्क्रू सैल करून हवा काढली. गाडी सुरू झाली. ते म्हणाले, "सापडलं." थोडं अंतर गेलो, पुन्हा थांबली. या खेपेला त्यांनी नळी सोडून फुंकली, जोडली. गाडी सुरू झाली. "आता सापडलं." तिसऱ्यांदा थांबली तेव्हा ते पुन्हा बॉनेटखाली वाकले.

मंडळी, दुरुस्ती फसली असती तर बरं झालं असतं. त्यांनी दुसरीकडे शोधलं असतं. पण दर वेळी गाडी सुरू होत होती, आणि दर वेळी त्या माणसाला वाटत होतं की आता बायको वाचली.

जनकाबाईंचा आवाज खोल गेला होता. त्या म्हणाल्या, "काहून थांबली ओ? म्या तर हिची ओटी भरली व्हती. तरी रुसली का?" लिंबाजी बॉनेटखालून म्हणाले, "व्हय, रुसली. तू बोलू नको, दम लागंल." जनकाबाई बॉनेटवरच्या कुंकवाबद्दल बोलत असतील, असं लिंबाजींना वाटलं. मलाही तसंच वाटलं. दुसरं काय वाटणार?

औंढा ओलांडलं, नागनाथाच्या दिशेला जनकाबाईंनी हात जोडले. हिंगोली यायच्या आधी जनकाबाई गेल्या. त्यानंतर मात्र गाडी एकदाही थांबली नाही.

दहावं झालं आणि लिंबाजी कामावर आले. पहिलं काम त्यांनी केलं ते डिझेलची टाकी उतरवण्याचं. मी जवळ उभा होतो. पंपाच्या तोंडाशी एक हिरवा खण अडकला होता, लाल काठाचा. तळाला तांदूळ आणि एक सुपारी. औंढ्याच्या बाजारात तो खण त्यांनीच जनकाबाईंना घेऊन दिला होता.

आपण सारे बॉनेटची पूजा करत होतो. जनकाबाई मात्र रोज बघत होत्या, की नवरा गाडीला डिझेल कुठून पाजतो. त्यांच्या हिशेबी गाडीचं तोंड ते. मागून आलेल्या सवतीची ओटी त्यांनी खणात तांदूळ-सुपारी बांधून तिथं भरली. पुरचुंडीची गाठ होती तोवर गाडी चालली. गाठ सुटली आणि खण पंपाच्या तोंडावर बसू लागला. दुरुस्तीसाठी वीज बंद केली की पंप थांबून खण सुटायचा, गाडी सुरू व्हायची, आणि खण पुन्हा बसायचा.

लिंबाजींनी तो खण पिळला, घडी केली आणि खिशात ठेवला. लोकांनी विचारलं, काय निघालं? ते म्हणाले, "कचरा व्हता टाकीत." लोक म्हणाले, स्वतःच्या बायकोला पोचवता आलं नाही, हा कसला मिस्त्री? टाकी साफ ठेवता येत नाही? त्यांनी ते ऐकून घेतलं. तिचंच तिला भोवलं, असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी ऐकून घेतलं. पुढं टाकीच्या तोंडाला त्यांनी स्वतः जाळी बसवली. कुंकू लावायला येणाऱ्या एकाही बाईला मात्र त्यांनी कधी अडवलं नाही.

आपण म्हणाल, त्यांनी झाकलेलं मी भरसभेत का उघडलं? आज सकाळी मी त्यांच्या घरी गेलो होतो. भाषणात काय सांगू, म्हणून विचारलं. त्यांनी ट्रंकेतून तो खण काढून माझ्या हातात दिला. "किती डाव धुतला," म्हणाले, "डिझेलचा वास जात न्हाई." मग म्हणाले, "माझ्याबद्दल काई सांगू नका. इतकी वर्सं तिच्या ओटीला म्या कचरा म्हनत आलो. नोकरी सुटायच्या आदी तेवढं नीट करा."

म्हणून आपल्या सर्वांच्या साक्षीनं नीट करतो. त्या टाकीत कचरा नव्हता. शिरडला पाणी आणते म्हणून जनकाबाईंनी गाडीची ओटी भरली होती.

अध्यक्षांनी बोलायला वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. निरोपाच्या प्रसंगी जे बोलू नये ते बोललो असेन, तर ते आपण पदरात घ्यावं. लिंबाजींनी ते आधीच घेतलं आहे. नमस्कार.