रोसेन कापला

नेवेना : बुंध्यापासून? आई, एक देठसुद्धा शिल्लक नाही?

दोब्रा : शेळी घुसली असेल. आधी आत ये, उन्हातून आलीस. माहेरी सगळे बरे ना?

नेवेना : शेळी! रोसेनच्या झुडपाला शेळी तोंड लावत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. आणि ही शेळी काय विळा घेऊन आली होती? बघा ना, कसे तिरपे काप आहेत! सहा वर्षं, आई. बी पेरून सहा वर्षं वाट पाहिली. डोंगरावरचा सगळा गुलाबी, पांढरा फक्त आपल्या बागेत. यंदा कुठे पहिल्यांदा फुलला...

दोब्रा : पुन्हा फुलेल.

नेवेना : पुन्हा कधी? स्पासोवदेनच्या सणाची रात्र आज आहे! आजच त्याच्याखाली निजायचं होतं मला, उशाशी पांढरं फडकं पसरून. सकाळी त्यावर हिरवं पान पडलं तर मी बरी होणार, सुकलेलं पडलं तर... हे काय, एवढ्या उकाड्यात लांब बाह्या? हात बघू.

दोब्रा : काही झालेलं नाही हाताला.

नेवेना : दाखवा म्हणते ना! अगं बाई! कोपरापर्यंत फोड! हा रोसेनचाच चीक. अंगाला लागून ऊन लागलं की असाच भाजतो. आई... तुम्ही?

दोब्रा : हो, मीच. सोमवारी तुझी बस सुटली आणि मी विळा घेतला.

नेवेना : अहो, पण पाणी रोज तुम्हीच घालत होतात!

दोब्रा : फूल म्हणून घालत होते. रविवारी तू पेटीतून ते फडकं काढलंस. म्हणालीस, हिरवं पान पडलं तरच शुक्रवारी ऑपरेशनला जाईन.

नेवेना : सगळ्याच आजारी बायका निजतात रोसेनखाली. त्यात काय एवढं?

दोब्रा : आमची कालिनाही निजली होती.

नेवेना : वन्सं? त्या तर न्यूमोनियाने गेल्या ना?

दोब्रा : न्यूमोनियातून उठत होती माझी लेक. आठवड्यात हिंडेल-फिरेल, असं डॉक्टर म्हणाले होते. मला न सांगता मैत्रिणींबरोबर डोंगरावर गेली. सकाळी फडक्यावर सुकलं पान. घरी आली ती भिंतीकडे तोंड करून पडली. औषध घेईना, घास गिळेना. मी पाया पडले गं तिच्या. आणि गाव काय म्हणालं? रोसेनने आधीच सांगितलं होतं!

नेवेना : देवा रे! मला कुणी कधी बोललंच नाही.

दोब्रा : मेल्या एका पानाने नेली तिला. तुलाही नेऊ देऊ?

नेवेना : आणि हिरवं पडलं असतं तर?

दोब्रा : तरी गाठ पोटातच राहिली असती. ती डॉक्टरांनीच काढायची. माझ्यावर रागव, हवं तर बोलू नकोस. पण शुक्रवारी चल.



नेवेना : मला फार भीती वाटते हो, आई.

दोब्रा : मलाही वाटते, पोरी. दोघी मिळून घाबरू.