रविवारचा खण

मुलगी : हात मागे घ्या, बाबा. काय ठरलंय आपलं? हात मी घालणार, तुम्ही नुसतं सांगणार.

बाबा : अगं पण पाना उलटा धरलायस तू! पेशंटचा दात असता तर अख्खा जबडा हातात आला असता.

मुलगी : पंधरा वर्षांत एकाचाही आलेला नाही. आणि पाना उलटा नाही, मी डावरी आहे. स्वतःच्या मुलीचं एवढं तरी लक्षात ठेवा.

बाबा : बरं बाई, डावरी तर डावरी. पण सावकाश घे. रेडा आहे तो, शेळी नाही. उगाच डिवचलास तर लाथ मारेल.

आई : (स्वयंपाकघराच्या खिडकीतून) मारली की गेल्या महिन्यात! टेकडी उतरताना चारही चाकं आभाळाकडे आणि हे झुडपात. झुडूप होतं म्हणून निभावलं. आणि साडेदहा वाजलेत म्हटलं. बाराला भंगारवाला येतोय.

बाबा : माहितीये. बाराच्या आत सुरू झाला तर रेडा घरात, नाही झाला तर टेम्पोत. मी शब्द दिलाय, मागे फिरणार नाही.

आई : कागदावर लिहिलंय म्हणे, कसल्याही जमिनीवर चालणारी गाडी. महिना झाला, एका फरशीवरून हललेली नाही!

मुलगी : बाबा, मीही आधीच सांगून ठेवते. हात तुमच्यासाठी चालवतेय, पण मत माझं आईकडेच आहे. एक्काहत्तराव्या वर्षी हे धूड घेऊन टेकडी चढायची म्हणजे काय खेळ आहे?

बाबा : वर माझ्या मधमाश्यांच्या अकरा पेट्या आहेत. त्या काय खाली येऊन हजेरी लावणार आहेत? रस्ता नाही, पायवाट आहे, आणि गुडघे तर तुला माहितीच आहेत. गेला महिनाभर शेजारचा जाऊन नुसता लांबून बघून येतो. म्हणतो, ठीक दिसतायत. लांबून सगळंच ठीक दिसतं.

मुलगी : म्हणून तर तुम्हाला व्यायामाची सायकल आणून दिली. घरबसल्या पाय हलतात.

आई : हलतात हो, टॉवेल हलतात तिच्यावर वाळत घातलेले.

बाबा : ऐक आता. चोक ओढला की हा सुरू होतो, चोक सोडला की मान टाकतो. काय झालं असेल?

मुलगी : माझ्याकडे असा पेशंट आला तर मी दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवते.

बाबा : कार्बोरेटर तुंबलाय. पेट्रोल महिनाभर बसून राहिलं, त्याचा चिकटा झाला. काल दुपारी मीच सगळा खोलून, रॉकेलने पुसून ठेवलाय. खोलायला जमतं मला. जोडायला...

मुलगी : जोडायला काय?

बाबा : जोडायला चष्मा बदलायला हवा. ती बारीक पितळी नळी घे हातात. तिला मधोमध केसाएवढं भोक आहे. उजेडाकडे धर. काय दिसतं?

मुलगी : काहीच दिसत नाही.

बाबा : दिसायला हवं. पलीकडचं आभाळ दिसायला हवं. तिथेच अडलंय सगळं. काल तासभर तार घालत होतो, जाईना.

मुलगी : एवढ्या जाड तारेने? बाबा, ही तार आहे की गज! थांबा, माझी बॅग आणते.

बाबा : दातांची हत्यारं नकोत हं माझ्या रेड्याला!

मुलगी : दाताच्या मुळात घालायची सुई आहे ही. हिच्याहून बारीक तुम्हाला बाजारात मिळणार नाही. हं, आ करा. दुखलं तर डावा हात वर करा.

बाबा : मला कशाला सांगतेस?

मुलगी : तोंडातच बसलंय ते वाक्य. ही बघा, गेली आत.

बाबा : घासू नकोस! भोक मोठं झालं तर पेट्रोल पीत सुटेल. नुसतं मोकळं कर.

मुलगी : घासत नाहीये. घाण बघा केवढी निघतेय. आणि आता बघा उजेडाकडे.

बाबा : दिसलं! आभाळ दिसलं गं! पोरी, तुझ्या हातात तर जादू आहे. चाळीस वर्षं विजेच्या खांबावर चढलो, पण असला हात माझा नव्हता.

आई : एवढं कौतुक माझ्या हाताचं कधी झालं नाही या घरात.

बाबा : तुझ्या हाताचं कौतुक करायला तो कपाळावरून खाली तर यायला हवा!

मुलगी : भांडण नंतर. जोडायचं कुठून? हे सगळे स्क्रू कुठे ठेवलेत?

बाबा : त्याची सोय केलीये मी. लाईनवर आमचा एकच नियम होता. ज्या क्रमाने काढशील त्या क्रमाने ठेव, उलट्या क्रमाने लाव. तो बघ, निळा डबा. सोमवारी पहिलं काढलेलं, मंगळवारी दुसरं, असं पुढे.

मुलगी : बाबा, हा तुमच्या गोळ्यांचा डबा आहे.

बाबा : सात खण, सात वार, झाकणं घट्ट. याच्याहून चांगला डबा कुठल्या हार्डवेअरवाल्याकडे आहे सांग. काल शनिवार होता. शनिवारपर्यंतच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या, सहा खण रिकामे. ते काय वाया घालवायचे?

आई : माझा डबा! तरी म्हटलं सकाळपासून रॉकेलचा वास कुठून येतोय.

मुलगी : आई, तू थांब जरा. उलट्या क्रमाने म्हणजे शेवटचं काढलेलं आधी लावायचं. शेवटी काय काढलंत?

बाबा : हवेचा स्क्रू. तो, त्याची स्प्रिंग आणि बारीक वायसर शनिवारात आहेत. आणि त्याच्याही मागे एक काळी रबरी रिंग होती, मसुराच्या दाण्याएवढी. ती निघाली सगळ्यात शेवटी.

मुलगी : शनिवारात स्क्रू आहे, स्प्रिंग आहे, वायसर आहे. रिंग नाही.

बाबा : शनिवार भरला होता. ती रविवारात टाकली. दोन गोळ्या होत्या त्यात, पण रिंगेला कितीशी जागा लागते?

मुलगी : रविवार रिकामा आहे, बाबा.

बाबा : रिकामा कसा असेल?

मुलगी : आज वार कुठला?

आई : अगं बाई! मीच दिल्या की सकाळी! रोजच्यासारखा खण हातावर उपडा केला आणि पाण्याचा पेला दिला. हे वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेले. हातावर काय पडलं ते अकरा वर्षांत एकदा बघितलेलं नाही या माणसाने!

बाबा : आज जरा चिवट लागलं खरं. म्हटलं, कंपनी बदलली असेल.

मुलगी : बाबा! तुम्ही गाडीचा पार्ट गिळलात!

बाबा : हसू नकोस. मला काही होणार आहे का?

मुलगी : काही होत नाही. गोल आहे, मऊ आहे, एवढीशी आहे. एक-दोन दिवसांत आपोआप पडेल बाहेर.

बाबा : पण भंगारवाला तर बाराला येतोय.

आई : म्हणजे? पुन्हा तीच बसवणार होतात की काय? शी!

मुलगी : आई, पुरे! माझं पोट दुखतंय हसून. बाबा, त्या रिंगेशिवाय नाही चालणार?

बाबा : नाही. तिथून हवा खेचतो मग. सुरू होईल, उगाच भडकेल आणि मान टाकेल. आज दुकान बंद. रबरी नळी कापून बघावी तर इतकी बारीक कापायची कशी? किती वाजले?

मुलगी : अकरा चाळीस.

बाबा : हं. संपलं म्हणजे. तुझ्या पोतडीत नसेल ना असलं काही?

मुलगी : (बॅगेत डोकावून ती मिटते)

बाबा : नसू दे. दात आणि रेडा, कुठे मेळ बसायचा! पुसून ठेव सगळं नीट. भंगारात द्यायचा तरी स्वच्छ द्यावा.

मुलगी : बाबा, एक विचारू? खरं सांगाल?

बाबा : विचार.

मुलगी : त्या दिवशी गाडी उलटली कशी?

बाबा : सांगितलंय की. वाटेत दगड आला.

मुलगी : त्या वाटेवर तुम्ही वीस वर्षं जाताय. दगड तुम्हाला नावाने ओळखतात. सकाळपासून बघतेय, एक स्क्रू तुम्ही हातात घेतलेला नाही. मी हात मागे घ्या म्हटलं, तर एका शब्दाने भांडला नाहीत. तुम्ही आणि न भांडता?

बाबा : दगड होता. पण ब्रेक दाबला असता तर दगड त्याच्या जागी राहिला असता आणि मी माझ्या.

मुलगी : मग दाबला का नाही?

बाबा : दाबला गं. मला वाटलं, दाबला. उजव्या हाताची ही दोन बोटं... थंडीपासून त्यांच्यात जोरच राहिलेला नाही. बारीक वस्तू धरलीये की सुटलीये, कळत नाही. म्हटलं, सांगितलं तर दुसऱ्या दिवशी रेडा दारातून जाईल. आता नाहीतरी जातोच आहे, म्हणून सांगतो.

मुलगी : आईला माहितीये?

बाबा : छे! तिला सांगायचं म्हणजे...

आई : सहा महिने तुमच्या शर्टाची बटणं कोण लावतंय? ते काय मला हौस आहे म्हणून?

बाबा : तू म्हणालीस, कॉलर नीट बसत नाही म्हणून...

आई : म्हणाले, तुम्हाला ओशाळल्यासारखं वाटू नये म्हणून. वाट बघत होते, आज सांगाल, उद्या सांगाल. तुम्ही दगडाच्या नावाने पावती फाडून मोकळे! मला त्या गाडीचा राग नाहीये हो. तुम्ही त्या झुडपात पडलात आणि घरी येऊन मला खोटं सांगितलंत, त्याचा राग आलाय. महिनाभर खुर्चीत बसून भिंतीवरच्या पाली मोजताय, ते काय मला बघवतं?

बाबा : चुकलं माझं.

आई : काय म्हणालात? भांड्यांच्या आवाजात ऐकू आलं नाही.

बाबा : चुकलं म्हटलं! शेजाऱ्यांना ऐकू गेलं, तुला नाही?

मुलगी : बाबा, उद्या सकाळी दहा वाजता माझ्याबरोबर डॉक्टरकडे. बोटं दाखवायची. नसेचं काही असेल तर उपाय असतो. नाही म्हणायचं नाही.

बाबा : नाही म्हणत नाही.

मुलगी : आणि ब्रेकचा दांडा एवढा लांब कशाला ठेवलाय? जवळ आणता येतो ना तो?

बाबा : त्याच्या बुडाशी एक स्क्रू आहे. आत फिरवला की दांडा मुठीजवळ येतो. केबलही ताणायला हवी, म्हणजे कमी जोरात लागेल. आणि उजव्या पायाशी दुसरा ब्रेक आहे, तो वापरायची सवय लावून घ्यायला हवी. पण आता कशाला? रिंग कुठे आहे?

मुलगी : ही घ्या.

बाबा : हे काय? निळी?

मुलगी : मुलांच्या दातांना तारा बसवायच्या आधी दोन दाढांमध्ये ही रिंग घालतो आम्ही. दाढांना एकमेकींपासून सरकवते. मसुराएवढीच आहे. पेट्रोलमध्ये किती दिवस टिकेल ते माहीत नाही, पण दुकान उघडेपर्यंत टिकेल.

बाबा : मघाशी विचारलं तेव्हा होती तुझ्याकडे?

मुलगी : होती.

बाबा : मग बोलली का नाहीस?

मुलगी : तुम्ही सहा महिने बोलला नाहीत, मी पाच मिनिटं बोलले नाही. फिटंफाट. आता सांगा, आधी रिंग की आधी वायसर?

बाबा : आधी रिंग, मग वायसर, मग स्प्रिंग, मग स्क्रू. हलक्या हाताने आवळ. टेकला की थांब आणि दोन आटे मागे. बस्स! आता शुक्रवारची नळी. हं. गुरुवार. बुधवार. अगं, काय झरझर लावतेयस!

आई : बाराला पाच कमी!

बाबा : मंगळवार. सोमवारचे चार स्क्रू, समोरासमोरचे आवळ. पेट्रोलचा कॉक उघड. चोक ओढ. बटण दाब.

मुलगी : नुसती घरघर करतोय.

बाबा : करू दे. महिन्याने उठतोय, आळोखेपिळोखे देणारच. पुन्हा दाब.

मुलगी : लागला! बाबा, लागला!

बाबा : नाचू नकोस, अजून चोकवरच आहे. आता सोड चोक. हळू... हळू... सोडलास?

मुलगी : कधीच सोडला.

बाबा : ऐक. ऐक कसा श्वास घेतोय. अगं, बाहेर ये गं, ऐक तरी!

आई : आले. ऐकू येतोय. दारातला टेम्पोचा हॉर्नही ऐकू येतोय. त्या बिचाऱ्याला रविवारचं इतक्या लांब बोलावलं, त्याला काय सांगायचं?

बाबा : सांग, माझा म्हातारा सुधारला, भंगारात देत नाही.

आई : रिकाम्या हाताने नाही पाठवायची मी. ती व्यायामाची सायकल देऊन टाकते.

मुलगी : आई! नवीन आहे ती! मी हौसेने आणली होती!

आई : टॉवेल दोरीवर वाळतील. आणि हे बघा, आजपासून तुम्ही वर एकटे जायचं नाही. मागे मी बसणार. हेल्मेट दोघांना. मी थांबा म्हटलं की थांबायचं.

बाबा : तू? मधमाश्यांना घाबरतेस तू!

आई : चावल्या तर चावल्या. खाली बसून वाट बघण्यापेक्षा ते परवडलं.

मुलगी : आधी डॉक्टर काय म्हणतात ते ऐकायचं, मग वर. आणि हा ब्रेकचा दांडा जवळ आणल्याशिवाय मी हलत नाही इथून. कुठला पाना?

बाबा : आठचा. तो नव्हे, त्याच्या शेजारचा. ऐक ना.

मुलगी : हं.

बाबा : पुढच्या रविवारी येशील?

मुलगी : कशाला? चालू झाला की तुमचा रेडा.

बाबा : साखळीला तेल द्यायचंय, ऑइल बदलायचंय. फार काम नाही. पण मला तुझी बोटं लागतील.