समोर मालो, हातात बॉल ग्वेंदालच्या

हॅलो?… कोण? जिस्लेन? अगं मोठ्यानं बोल, इथं अख्खं गाव मैदानावर लोटलंय… हो, हो, टपरीवरच आहे. मॅचच्या दिवशी मी दुसरीकडे कुठे असणार?

तुझ्या टीव्हीवरचं चित्र अडकलंय? मग लिऑंसारख्या शहरात राहून काय मिळवलंस गं?… बरं बाई, सांगते. शून्य-शून्य… खरंच. एवढी बडी व्यावसायिक टीम आणि आपलं सां-मेलवेन, मॅच संपत आली तरी शून्य-शून्य. कपमध्ये एक बरं असतं, मोठ्यांनी लहानांच्या दारात यायचं. बसमधून उतरून चिखल पाहिला आणि त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली.

थांब हं… दोन ना? घ्या, सॉसेज गरम आहे, जपून… टोमॅटो सॉस? नाही ठेवत आम्ही. धिरड्यात गुंडाळलेलं सॉसेज असंच खायचं असतं… काही नाही गं, त्यांच्याकडचा कुणीतरी आहे. सॉस मागतोय.

ग्वेंदाल? खेळतोय की. पोटचा असला तरी आज त्यांचा कॅप्टन, त्यांचाच म्हणायचा… छान खेळतोय का म्हणजे? अगं, त्याचं छान दिसतच नाही, तीच तर गंमत आहे. बाकीचे गोल मारतात, फोटो त्यांचे येतात. हा आपला मधे उभा राहून समोरच्याचा बॉल काढतो आणि आपल्या माणसाच्या पायाशी नेऊन ठेवतो. दुसऱ्या दिवशी पेपरवाले दहापैकी पाच गुण देतात. जन्मभर पाच. पण कोच बदलले, स्ट्रायकर आले नि गेले, ह्याला मात्र कुणी हलवलं नाही… हो, देशाची निळी जर्सी एकदाच मिळाली, तीही मॅच संपता संपता मैदानात उतरवलं तेव्हा. एकदा तर मिळाली ना? तुझ्या शेजारपाजारी कुणाला मिळालीय, सांग.

गुडघा कसला बरा होतोय. कालच म्हणाला, आई, हा शेवटचा सीझन… मी काय म्हणणार? पंधराव्या वर्षी बॅग उचलून अकादमीत गेला, मागे वळून बघितलं नाही. दोनदा गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, लोक म्हणाले संपला. दोन्ही वेळा उठून उभा राहिला, कुरकुर नाही की काही नाही. मला अभिमान वाटतो गं त्याचा. तोंडावर सांगत नाही, तुला सांगते.

आणि आमचा धाकटा, मालो तर भिंत झालाय आज. पहाटे समुद्रावर कालवं काढत होता, दुपारी आपल्या गोलमध्ये उभा. तीन गोल अडवलेले तर मी स्वतः… थांब. थांब, शिट्टी वाजली.

अगं, पेनल्टी… त्यांना. आपल्या टीममधल्या त्या पोस्टमननं मागून पाय घातला, गाढवानं.

कोण म्हणजे? मारणारा त्यांचा तो उंच पोरगा मघाशीच लंगडत बाहेर गेला… मग कॅप्टनच मारणार… हो. ग्वेंदाल. बॉल घेतलाय त्यानं हातात.

आहे गं, ऐकतेय… काय म्हणालीस? हळू मारू दे? जिस्लेन, परत बोलू नकोस असं… नाही, तू ऐक. तुला आठवतं, शेडमागे दोघं खेळायचे? ग्वेंदाल मुद्दाम हळू मारायचा, मालो अडवायचा, आपण टाळ्या पिटायचो. मग एक दिवस त्या पोराला कळलं. दोन दिवस जेवला नाही. म्हणाला, तू मला खोटं खोटं खेळवतोस… लहान होता म्हणून काय झालं? तेव्हापासून भाऊ समोर असला की मालो गोलमध्ये उभा राहत नाही. नाताळात सगळे अंगणात खेळतात तेव्हा हा माझ्याबरोबर भांडी घासतो. तुला वाटायचं, किती गुणाचा पोरगा.

आज तरी कुठे हौसेनं उभा राहिलाय? चिठ्ठ्यांत नेमकी भावाची टीम निघाली, मग काय करतो… आता ह्यानं दया दाखवली ना, तर गाव नाचेल आणि माझी दोन पोरं कायमची तुटतील. कळलं?

तुझे भाऊजी? पाठ करून उभे आहेत. धिरडं करपतंय त्यांचं, लक्ष नाही… अहो, करपतंय ते.

ठेवला. बॉल ठेवला त्यानं… आता मागे जातोय… मालोकडे बघतोय. मालो पण बघतोय… काही बोलू नकोस आता.

…

आत गेला.

नाही. हळू नाही मारला… कोपऱ्यात, अगदी खांबाला घासून. आणि मालोनं बरोबर बाजू ओळखली होती, बोटं लागली त्याची, मी पाहिलंय. बोटं लागून आत गेला, एवढा जोर होता.

नाही, नाचला वगैरे नाही. जिथं वाढलो त्या गावासमोर कुणी नाचतं का? गुपचूप वळला… सगळं मैदान चिडीचूप आहे गं. आमचा ठोंब्या पोस्टमन तेवढा रडतोय.

मी कुठे रडतेय? कांदा आहे… बरं, नसतो ह्यात कांदा. झालं समाधान?

थांब, संपवली वाटतं… हो, संपली. गेलो आपण बाहेर… थांब ना, दोघं बोलतायत मधे… काय ते इथून कसं ऐकू येणार?… टाळ्या ना? आपलेच लोक वाजवतायत. दोघांनाही.

आता इकडेच येतायत, चिखलानं माखलेले. लोक ग्वेंदालला पुढे सोडतायत… नाही हं, ए ग्वेंदाल, रांगेत. कॅप्टन तिकडचा, इथं रांग आहे… हसतोय मेला. गेला मागे, मालोच्याही मागे.

काय रे मालो? दाखव… अगं, बोटं सुजलीत त्याची, लाल झालीत. सगळ्या रांगेला हात दाखवत सुटलाय. भावानं मारलाय म्हणतो, खराखुरा… हरलाय गं, हो, माहितेय त्याला.

काय?… जिस्लेन, ठेवते मी. भांडी ह्या रविवारी माझी मलाच घासावी लागणार आहेत. परत मारून दाखव म्हणतोय मालो त्याला, अंगणात.